इन्सुलिनच्या व्हायलची किंमत नेमकी कोणती?

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी सरांना एक आलेख दाखवला होता. अमेरिकेतल्या राज्यांचा मेडिकेड योजनेतून इन्सुलिनवर होणारा खर्च, वर्षागणिक चढत जाणारी रेषा. मी खूश. सरांनी एकच विचारलं, "हा खर्च परतावा वजा करून आहे की त्याआधीचा?" परतावा म्हणजे काय, हेच मला माहीत नव्हतं. एमएस्सीला औषधाचा रेणू शिकवतात, त्याची किंमत कोणी शिकवत नाही. शेवटी आलेख बाजूला ठेवून कायद्याचा इतिहास वाचत बसले. तुमच्यापैकी कोणी आरोग्यखर्चावर सिनॉप्सिस लिहीत असेल तर तोही याच खड्ड्यात पडू शकतो, म्हणून इथे सांगते.

मेडिकेड ही गरिबांसाठीची योजना १९६५ ची. पैसे केंद्र आणि राज्य मिळून घालतात. केंद्राचा वाटा किमान निम्मा, गरीब राज्यांत त्याहून जास्त. पण एक अडचण लक्षात ठेवा. केंद्र सरकार तुटीचं बजेट मांडू शकतं, राज्यं नाही. व्हरमाँट सोडलं तर जवळपास प्रत्येक राज्यावर जमाखर्च जुळवण्याचं कायदेशीर बंधन आहे. म्हणजे औषधं महागली की तो पैसा दुसऱ्या कुठल्या तरी खात्यातून ओढावा लागतो, किंवा कर वाढवावा लागतो.

१९८० च्या दशकात औषधांचे भाव सर्वसाधारण महागाईच्या पुढे पळत होते. मोठी हॉस्पिटलं आणि माजी सैनिकांची रुग्णालयं घासाघीस करून सवलत मिळवत, मेडिकेड मात्र जवळपास दुकानातल्या भावाने पैसे मोजत असे. सगळ्यात गरीब रुग्णांच्या योजनेला सगळ्यात महाग भाव! अर्कान्सासचे सिनेटर डेव्हिड प्रायर यांनी हा विषय लावून धरला आणि १९९० च्या कायद्यात एक सौदा ठरला. कंपनीने प्रत्येक विक्रीवर परतावा द्यायचा. बदल्यात राज्यांनी त्या कंपनीची जवळपास सगळी औषधं योजनेत घ्यायची. परताव्याचे दोन भाग. एक ठरावीक टक्केवारी, जी ब्रँडेड औषधांना २०१० पासून किमान २३.१ टक्के आहे. दुसरा भाग महागाईचा: औषध बाजारात आलं तेव्हाची किंमत ग्राहक किंमत निर्देशांकाप्रमाणे वाढवत न्यायची, आणि कंपनीचा भाव त्याच्या वर गेला तर वरचा सगळा फरक परत.

आता प्रत्यक्ष आकडे घालून बघा. हुमालॉग इन्सुलिन १९९६ मध्ये आलं, व्हायल साधारण २१ डॉलरला. २०१७ पर्यंत तीच व्हायल २७५ च्या आसपास पोचली आणि तिथेच राहिली. रेणू तोच. महागाईच्या हिशोबाने २०२३ मध्ये तिची किंमत सुमारे ४१ डॉलर व्हायला हवी होती. म्हणजे वरचे २३४ परत. शिवाय २७५ चे २३.१ टक्के, म्हणजे ६४. बेरीज २९८. व्हायल २७५ ची आणि परतावा २९८! (कायद्यात कारखान्याची सरासरी विक्री किंमत धरतात, मी सोपं करण्यासाठी यादीतलीच धरली आहे.)

इथे २०१० च्या ओबामा काळातल्या कायद्यातलं एक छोटंसं कलम आडवं येतं. परतावा किमतीच्या १०० टक्क्यांवर जाणार नाही, असं त्यात ठरलं. एकदा ही मर्यादा गाठली की पुढची भाववाढ मेडिकेडपुरती दंडाशिवाय. मेडिकेडला व्हायल जवळजवळ फुकट, आणि विमाच नसलेला माणूस काउंटरवर पूर्ण २७५ देतोय, किंवा डोस पुरवून पुरवून घेतोय. माझ्या आलेखातली चढती रेषा ही यादीतल्या किमतीची होती. राज्याच्या खिशातून जाणारा पैसा त्या रेषेत दिसतच नव्हता.

मार्च २०२१ च्या कोविड मदत कायद्याने ही मर्यादा १ जानेवारी २०२४ पासून काढून टाकली. म्हणजे आपल्या उदाहरणात कंपनीला प्रत्येक व्हायलमागे पदरचे २३ डॉलर घालावे लागणार. मग काय झालं? मार्च २०२३ च्या एकाच महिन्यात एली लिलीने ७० टक्के, नोवो नॉर्डिस्कने ७५ टक्क्यांपर्यंत आणि सॅनोफीने लँटसवर ७८ टक्के कपात जाहीर केली. बातम्यांत जनमताचा दबाव वगैरे आला. तो होताच, पण तारखा शेजारी ठेवून बघा.

आणि गंमत पुढे आहे. हुमालॉग ६६ डॉलरवर आलं. पुन्हा हिशोब करा: महागाईचा भाग २५, टक्केवारीचा १५, परतावा ४०. निव्वळ खर्च २६ डॉलर, जो आधी शून्य होता. (परतावाही केंद्र आणि राज्य वाटून घेतात, त्यामुळे हे सगळे राज्याचे नाहीत.) विमा नसलेल्याला मोठा दिलासा, पण सरकारी योजनेला तीच व्हायल महाग पडली.

महागाईचं कलम नव्या औषधाच्या पहिल्या किमतीला हात लावत नाही, हेही नोंदवा. डिसेंबर २०१३ मध्ये गिलियडने हेपटायटिस सी वरचं सोवाल्डी आणलं, १२ आठवड्यांचा कोर्स ८४,००० डॉलर. सिनेटच्या वित्त समितीच्या २०१५ च्या अहवालानुसार मेडिकेडने २०१४ मध्ये त्यावर परतावा धरण्याआधी १.३ अब्ज डॉलर खर्चले आणि तरी २.४ टक्क्यांहून कमी बाधितांना औषध मिळालं. अनेक राज्यांनी यकृत बरंच खराब झालेल्यांनाच ते द्यायचं ठरवलं. २०१९ मध्ये लुइझियानाने वेगळाच करार केला: काही वर्षं ठरावीक रक्कम देऊ, औषध लागेल तेवढं घेऊ.

आपल्याकडे निर्देशांकाचा उपयोग उलटा आहे. २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशानुसार अत्यावश्यक यादीतल्या औषधांची कमाल किंमत दरवर्षी घाऊक किंमत निर्देशांकाप्रमाणे हलते. एप्रिल २०२३ मध्ये १२.१२ टक्के वाढीची मुभा मिळाली. तिथे महागाई ओलांडली की परतावा, इथे महागाई झाली की वाढवायची परवानगी. पण सरकारी दवाखान्यांची खरेदी निविदेने होते, आणि निविदेचा दर या कमाल किमतीपेक्षा बराच खाली असू शकतो. त्यामुळे महाराष्ट्राच्या औषधखर्चावर काम करणार असाल तर राजपत्रातली कमाल किंमत घेऊन आलेख काढू नका, आधी दरकरार मिळवा. माहिती अधिकारात मागायचे तर वेळ हाताशी ठेवून अर्ज करा.