कागलची बोली आणि समीक्षकांचा निकाल

१/ व्हिडिओ गेम विकत घेण्यापूर्वी आज असंख्य खेळाडू एक आकडा पाहतात. २००१ साली सुरू झालेले 'मेटाक्रिटिक' हे संकेतस्थळ समीक्षकांनी दिलेल्या गुणांवरून प्रत्येक खेळासाठी शंभरपैकी एक अंक ठरवते. २०१० च्या 'फॉलआउट : न्यू वेगास' या खेळाच्या निर्मात्यांना तिथे ८५ गुण पडले असते, तर ठरलेला जादा मोबदला मिळणार होता. पडले ८४. एका गुणासाठी तो मोबदला हुकला.

२/ पैशांपेक्षा महत्त्वाचा प्रश्न आनंदाचा आहे. २०११ साली कॅनडातील सास्काचेवान विद्यापीठाच्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. खेळ सर्वांना एकच. खेळण्याआधी वाचायला दिलेला मजकूर मात्र वेगळा. काहींना स्तुती दिली, काहींना निंदा. निंदा वाचून खेळायला बसलेल्यांनी त्याच खेळाला कमी गुण दिले.

३/ दुसऱ्याने आधीच दिलेला निकाल आपल्या आस्वादात असा मिसळतो, ही गोष्ट संगणकयुगाची मुळीच नाही. मराठी पुस्तकांच्या बाबतीत तिला किमान दीडशे वर्षांचा इतिहास आहे. त्यातला एक धागा पुण्यातून निघून कोल्हापूरच्या दक्षिणेस, कर्नाटकाच्या सीमेलगत वसलेल्या कागलपर्यंत जातो. त्या धाग्याचा विषय आहे भाषा : कोणती मराठी ऐकून वाचकाने माना डोलवायच्या आणि कोणती ऐकून हसायचे?

४/ १८७४ साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी पुण्यातून 'निबंधमाला' सुरू केली. संस्कृत आणि इंग्रजी वाङ्मयाचा व्यासंग, धारदार उपरोध आणि डौलदार वाक्यरचना यांमुळे शास्त्रीबोवांचा शब्द नवशिक्षित वाचकांत प्रमाण मानला जाऊ लागला. मराठीत ग्रंथपरीक्षणाला प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्यांत त्यांचे नाव अग्रभागी आहे. हे श्रेय निर्विवाद आहे, आणि म्हणूनच त्यांच्या निकालांचे वजनही मोठे होते.

५/ त्याआधीच्या वर्षी, १८७३ मध्ये, जोतीराव फुल्यांचे 'गुलामगिरी' प्रसिद्ध झाले होते. धोंडीबा आणि जोतीराव यांच्या संवादातून उलगडत जाणारे हे पुस्तक. त्याची मराठी शेतकऱ्या-कारागिरांच्या तोंडची होती : थेट, खोचक, प्रसंगी ओबडधोबड. 'निबंधमाले'त चिपळूणकरांनी फुल्यांच्या लेखनाचा समाचार घेतला. त्यातील विचारांबरोबर त्यांनी व्याकरणाचीही थट्टा केली.

६/ त्या काळच्या एखाद्या विद्यार्थ्याची कल्पना करावी. 'माले'चा अंक त्याने आधी वाचला आणि 'गुलामगिरी' नंतर हाती घेतली. आता पानोपानी त्याचे लक्ष विभक्तिप्रत्ययांकडे जाणार. धोंडीबा विचारतो तो प्रश्न त्याच्या कानावर पडेलही, पण त्याआधी त्या प्रश्नातली चूक पडेल. परीक्षणाने पुस्तकातले एक अक्षरही हलवलेले नसते. वाचकाचा कान मात्र दुसरीकडे वळवलेला असतो.

७/ फुल्यांनी या निकालकर्त्यांच्या दरबारात दाद मागितली नाही. १८८५ साली पुण्यात ग्रंथकार सभा भरायची होती, तेव्हा न्यायमूर्ती रानड्यांच्या निमंत्रणाला त्यांनी नकाराचे पत्र धाडले. बहुजनांच्या सुखदुःखांचा ज्यांच्या पुस्तकांशी मेळ बसत नाही, त्यांच्या सभेत आपण का बसावे, असा त्या पत्राचा रोख होता. बोली बोलणाऱ्यांचे साहित्य कोण जोखणार, हा वाद इथे उघडपणे मांडला गेला.

८/ याच सुमारास कागलचे नाव या इतिहासात येते. १८८४ साली कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले आणि शाहू छत्रपती झाले. पुढे त्यांनी सत्यशोधक विचाराला आश्रय दिला आणि १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचा निर्णय घेतला. ज्यांच्या बोलीची थट्टा झाली होती, त्यांच्या घरांत वाचणारी पिढी तयार व्हावी, याची ही पायाभरणी होती.

९/ मात्र हुकूम निघाला म्हणून शेतावरचे मूल आपोआप शाळेत जाऊन बसत नाही. १९३५ साली कागलच्या एका शेतकरी कुटुंबात आनंद यादव जन्मले. वडिलांना मुलगा मळ्यात राबायला हवा होता. मुलाला शिकायचे होते. ही ओढाताण त्यांच्या पुढच्या साऱ्या लेखनाच्या मुळाशी आहे. १९६० मध्ये त्यांचा 'हिरवे जग' हा कवितासंग्रह आला आणि १९७१ मध्ये 'गोतावळा' ही कादंबरी.

१०/ 'गोतावळा'चे धाडस समजण्यासाठी त्याआधीचा रिवाज ठाऊक असावा लागतो. ग्रामीण कथेत पात्रे बोलीत बोलत, पण निवेदक बहुधा प्रमाण मराठीत सांगे. म्हणजे शेतकऱ्याचे बोलणे अवतरणचिन्हांत आणि त्याच्याविषयीचे सांगणे शहाण्यांच्या भाषेत. 'गोतावळ्या'त नारबा नावाचा शेतगडीच सारी कहाणी सांगतो. मळ्यातली जनावरे हाच त्याचा गोतावळा. मालक ट्रॅक्टर आणतो आणि तो गोतावळा उधळला जातो. कागल परिसराची बोली इथे पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत निवेदनाची भाषा झाली.

११/ या वेळी समीक्षेचा निकाल वेगळा लागला. समीक्षकांनी या बोलीत निसर्गाशी एकजीव झालेल्या माणसाची जाणीव पाहिली. ज्याला एके काळी दोष म्हटले असते, तेच आता कादंबरीचे सामर्थ्य ठरले. शहरी वाचक अडखळत का होईना, अपरिचित शब्दांवर थांबू लागला. कारण या थांबण्यातून काही गवसणार आहे, असे त्याला कोणीतरी सांगितले होते. समीक्षेने आस्वाद वाढवल्याचे हे उदाहरण. दोनच वर्षांपूर्वी, १९६९ मध्ये, राज्याच्या साहित्य संस्कृती मंडळाने महात्मा फुल्यांचे समग्र वाङ्मय प्रकाशित केले होते. जुना निकाल स्वतः तपासून पाहण्याची सोयही त्यामुळे झाली होती.

१२/ १९८७ साली यादवांचे 'झोंबी' आले. कागलमधले बालपण, मळ्यातले कष्ट आणि मॅट्रिकपर्यंतची धडपड सांगणारे हे आत्मचरित्र. प्रस्तावना होती पु. ल. देशपांडे यांची. मध्यमवर्गीय मराठी घराचा पुलंच्या शब्दावर जितका विश्वास होता, तितका त्या काळी क्वचितच दुसऱ्या कोणा लेखकाच्या शब्दावर असेल. 'झोंबी'साठी अनेक घरांचे दार या प्रस्तावनेने उघडले. १९९० मध्ये पुस्तकाला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

१३/ तरी प्रस्तावनेचा एक सूक्ष्म परिणाम नोंदवायला हवा. बालपण हरवलेल्या मुलाची व्यथा पुलंनी इतक्या आर्ततेने मांडली, की वाचक पहिल्या प्रकरणाआधीच हळवा होतो. पुस्तकाचे नाव मात्र कुस्तीच्या भूमीतले आहे. झोंबी म्हणजे अंगाला अंग भिडवून घेतलेली झुंज. त्या मुलाजवळ मळ्याचे ज्ञान आहे, खोडकरपणा आहे, हट्ट आहे, लपूनछपून शिकण्याची हिकमत आहे. केवळ कणव घेऊन वाचणाऱ्याच्या हातून हा अर्धा ऐवज निसटू शकतो. स्तुतीसुद्धा वाचकाचा कान एका दिशेला वळवतेच.

१४/ यादवांच्या 'नटरंग' या कादंबरीचा विषयही निकालाचाच आहे. २०१० च्या चित्रपटात नायकाचे नाव आहे गुणा कागलकर. पैलवानी शरीराचा हा गडी तमाशावरच्या प्रेमापोटी फड उभारतो आणि दुसरा कोणी तयार नाही म्हणून स्वतः नाच्या होतो. त्याची कला पाहण्याआधीच भोवतालच्या समाजाने नाच्या म्हणजे काय, हे ठरवून टाकलेले असते. रंगमंचावर तो काय करतो यापेक्षा त्याच्यावर बसलेला शिक्का मोठा होतो, आणि त्याची किंमत घरच्यांनाही मोजावी लागते.

१५/ मग आले २००८. 'संतसूर्य तुकाराम' या कादंबरीतल्या तुकोबांच्या तरुणपणाच्या चित्रणावर वारकऱ्यांनी तीव्र आक्षेप घेतला. यादव तेव्हा महाबळेश्वरच्या साहित्य संमेलनाचे नियोजित अध्यक्ष होते. त्यांनी माफी मागितली, पुस्तक मागे घेण्यात आले, तरी वाद शमला नाही. अखेर त्यांनी अध्यक्षपद सोडले आणि मार्च २००९ चे संमेलन अध्यक्षांविनाच पार पडले.

१६/ आक्षेप घेणाऱ्यांची तुकोबांवरील श्रद्धा खरी होती, आणि पुस्तकावर कठोर टीका करण्याचा त्यांचा अधिकारही खरा होता. परंतु एक फरक विसरता येत नाही. चिपळूणकरांच्या टीकेनंतरही 'गुलामगिरी' वाचायला मिळत होती. म्हणूनच पुढच्या पिढ्यांना तो निकाल फिरवता आला. 'संतसूर्य तुकाराम'च्या बाबतीत पुस्तकाआधी वाद पोचला आणि वादानंतर पुस्तकच दुकानातून गेले. सामान्य वाचकाच्या हाती उरला तो फक्त निकाल. पडताळण्याची वाट बंद झाली.

१७/ या प्रवासात कागलची बोली तीच राहिली. एका शतकात ती अशुद्ध ठरली, दुसऱ्यात सशक्त. बदलत गेले ते तिच्याविषयी आधी बोलणारे लोक आणि त्यांचे ऐकून वाचायला बसणारे वाचक. परीक्षणे वाचूच नयेत, असा याचा अर्थ नव्हे. 'गोतावळा'च्या अनेक वाचकांना परीक्षणानेच वाट दाखवली. एवढेच की, आपल्याला वाटलेला आनंद किंवा कंटाळा कितपत आपला आणि कितपत उसना, हे अधूनमधून तपासावे.

१८/ तपासण्याचा मार्ग सोपा आहे. 'झोंबी' हाती आली की प्रस्तावनेची पाने उलटून थेट कागलच्या मळ्यात शिरावे. पुस्तक संपले की मागे येऊन पुलंना ऐकावे. जिथे त्यांचे पटेल तिथे दुप्पट आनंद होईल, आणि जिथे पटणार नाही तिथून स्वतःचे वाचन सुरू होईल.