आठ बोटांचा हात

डबकं आटत चाललंय. एक मासा धडपडत, चिखलातून शेजारच्या डबक्याकडे सरकतोय आणि पिढ्यान् पिढ्या गेल्यावर त्याच्या परांचे पाय होतात. चतुष्पाद प्राण्यांच्या जन्माचं हे चित्र माझ्याही डोक्यात बरीच वर्षं होतं. अमेरिकी पुराजीवशास्त्रज्ञ आल्फ्रेड रोमर यांनी ते रुजवलं. आधी गरज, मग पाय. गोष्ट चटकन पटते. तिला मोठा तडा गेला तो पूर्व ग्रीनलंडमधल्या हाडांमुळे.

तिथल्या डेव्होनियन खडकांत स्वीडिश संशोधकांना १९३०च्या दशकात ‘इक्थिओस्टेगा’ सापडला होता. माशासारखी शेपटी, पण चार पाय. पुढे एरिक यार्विक यांनी दशकानुदशकं त्याचा अभ्यास केला. त्यांनी १९५०च्या दशकात काढलेल्या त्याच्या चित्रात पायाला पाच बोटं होती. पाचच असणार, यात शंका घेण्यासारखं कुणाला काही वाटलं नाही.

१९८०च्या दशकात केंब्रिजच्या जेनी क्लॅक यांना हे प्राणी पुन्हा तपासायचे होते. त्यांच्याच विद्यापीठातले भूशास्त्रज्ञ पीटर फ्रेंड यांच्याकडे ग्रीनलंड मोहिमांच्या जुन्या वह्या होत्या. १९७० साली एका विद्यार्थ्याने त्यात नोंद केली होती की अमुक डोंगरावर, अमुक उंचीवर या प्राण्याच्या कवटीची हाडं भरपूर आहेत. त्याने आणलेले दगडही विद्यापीठातच पडून होते. क्लॅक यांनी ते पाहिले, तर त्यात निघाला इक्थिओस्टेगाचा फारसा माहीत नसलेला भाऊबंद, ‘अकँथोस्टेगा’. १९८७ साली त्या वही घेऊन त्या डोंगरावर पोचल्या आणि सुमारे साडेछत्तीस कोटी वर्षांपूर्वीचे सांगाडे घेऊन परतल्या.

दगड कोरून हात मोकळा केला, तर बोटं निघाली आठ! मायकेल कोट्स आणि क्लॅक यांनी १९९० साली ते जाहीर केलं. इक्थिओस्टेगाच्या मागच्या पायालाही सात बोटं निघाली. त्याहून महत्त्वाचं म्हणजे अकँथोस्टेगाला माशासारखे आतले कल्ले होते, शेपटीला पर होता आणि मनगट अंगाचा भार पेलण्याजोगं नव्हतं. हा हात चालण्यासाठी नव्हता, वल्ह्यासारखा होता. बोटं पाण्यातच आली. जमिनीवर त्यांचा उपयोग नंतर झाला.

मी सॉफ्टवेअर लिहितो. एकदा जुन्या कोडमधलं एक फंक्शन मी ‘निरुपयोगी’ ठरवून काढून टाकलं. त्याचा आज जो वापर दिसत होता, त्यासाठीच ते लिहिलंय असं मी धरून चाललो होतो. खरं काम वेगळंच होतं, हे दुसऱ्या दिवशी सगळं बंद पडल्यावर कळलं. शेवट ठाऊक असला की आपण सुरुवातही त्याच्याच सोयीने रचतो. पायांबाबतही तेच झालं होतं.

नवी गोष्टही सरळ रेषेत बसत नाही. २००४ साली कॅनडाच्या आर्क्टिकमध्ये सापडलेला ‘टिकटालिक’, म्हणजे परात मनगटासारखी हाडं असलेला मासा, मधला दुवा म्हणून गाजला. पण २०१० साली पोलंडमधून त्याच्याहून जुने, चार पायांचे ठसे जाहीर झाले. ते नेमके कोणाचे, यावर वाद आहे.

क्लॅक २०२० साली गेल्या. मला मात्र राहून राहून त्या विद्यार्थ्याची वही आठवते. तो खडकांचा अभ्यास करायला गेला होता. हाडं त्याचा विषयच नव्हता. तरी दिसलं ते त्याने उंचीसकट लिहून ठेवलं.