मिस पॅक-मॅन : एक उपेक्षित रूपांतर

यशापेक्षां अपयशाचीच स्मृति लोकांत अधिक काळ टिकते. खेळगृहांत गाजलेल्या ‘पॅक-मॅन’ला १९८२ सालीं टॉड फ्राय ह्यानें ‘अटारी २६००’ ह्या घरगुती यंत्रावर आणिलें. यंत्राची चालू स्मृति अवघी १२८ बाइट, कार्ट्रिज ४ किलोबाइटचें. खेळाडूसारख्या आकृति दोनच मिळत. म्हणून चारी भुतें आळीपाळीनें रेखाटावीं लागलीं व तीं सतत लुकलुकूं लागलीं. प्रती लक्षावधि खपल्या, पण पदरीं निराशा आली.

पुढें १९८३ सालीं, मूळ ‘मिस पॅक-मॅन’ रचणाऱ्या जनरल कॉम्प्युटर कॉर्पोरेशननेंच सिद्ध केलेलें तिचें रूपांतर त्याच यंत्रावर आलें. कार्ट्रिज ८ किलोबाइटचें होतें. पडद्यावरील चित्र वरून खालीं ओळीओळीनें उमटतें. त्यामुळें एकच आकृति खालच्या ओळींवर दुसऱ्या भुतासाठीं पुन्हां वापरतां येते. भुतें एका रेषेंत आलीं तरच लुकलुक होई. मूळचे चारी चक्रव्यूहहि त्यांत सामावले.

त्याच वर्षीं अमेरिकेंतील हा व्यवसाय कोसळला. त्या पडझडीच्या कथेंत पहिलें रूपांतर नेहमीं आरोपी ठरतें; दुसऱ्याला साक्षीस क्वचितच बोलाविलें जातें. त्याची साक्ष मात्र स्पष्ट आहे : दोष एकट्या यंत्राचा नव्हता, काटकसरीचाहि त्यांत वांटा होता.