पालवणकर बंधू आणि कर्णधारपदाचा प्रश्न : क्रिकेट व जातिव्यवस्था (१८९२–१९३७)

प्रस्तावना :

भारतीय क्रिकेटच्या इतिहासाचे लेखन दीर्घकाळ संस्थानिक, पारशी उद्योजक आणि १९३२ नंतरचे कसोटी सामने यांभोवती फिरत राहिले. त्यामुळे कसोटी-पूर्व काळातील एका असाधारण कुटुंबाकडे अभ्यासकांचे पुरेसे लक्ष गेले नाही. बाळू, शिवराम, गणपत आणि विठ्ठल हे चार पालवणकर बंधू त्या काळातील अग्रगण्य क्रिकेटपटू होते व ते अस्पृश्य मानल्या गेलेल्या चर्मकार समाजातील होते. विठ्ठल यांचे 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र १९४८ मध्ये प्रसिद्ध झाले; तथापि या बंधूंच्या कार्याकडे व्यापक लक्ष वेधले गेले ते रामचंद्र गुहा यांच्या २००२ मधील क्रिकेटच्या सामाजिक इतिहासावरील ग्रंथामुळे. खेळाच्या मैदानावर जातिभेद गळून पडतो, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. हे गृहीतक कितपत खरे आहे, हे पालवणकर बंधूंच्या कारकिर्दीच्या आधारे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पुणे : श्रमाचे मैदान

पालवणकर कुटुंब मूळचे कोकणातील. त्यांचे आडनाव गावावरून पडले. बाळू यांचा जन्म १८७६ मध्ये धारवाड येथे झाला. वडील लष्कराच्या चाकरीत असल्याने मुलांचे बालपण पुण्याच्या लष्करी परिसरात गेले आणि गोऱ्या सैनिकांचा खेळ पाहूनच ती क्रिकेट शिकली. बाळू यांनी प्रथम एका पारशी क्लबात खेळपट्टीची निगा राखण्याची नोकरी दरमहा तीन रुपयांवर केली. १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात गेले. तेथे खेळपट्टीवर रोलर फिरवणे, आखणी करणे, सरावाची जाळी उभारणे ही त्यांची कामे होती.

क्लबातील फलंदाजांना सरावासाठी गोलंदाज हवे असत. बाळू डाव्या हाताने मंद गतीची फिरकी टाकत. जे. जी. ग्रेग या नामांकित इंग्रज फलंदाजाला ते तासन्‌तास गोलंदाजी करीत. मात्र तेथे त्यांना फलंदाजी करू दिली जात नसे. ही बाब किरकोळ नाही. क्रिकेटच्या व्हिक्टोरियन कल्पनेत फलंदाजी हा सद्‌गृहस्थाचा मान, तर गोलंदाजी हे बव्हंशी चाकराचे कष्ट समजले जात. या वर्गीय विभागणीला भारतात जातीची जोड मिळाली. कौशल्य वापरून घ्यायचे, प्रतिष्ठा मात्र द्यायची नाही, हे सूत्र बाळू यांच्या कारकिर्दीच्या आरंभीच दिसून येते.

संघात समावेश, पंगतीत बहिष्कार

ग्रेगसारख्या फलंदाजाला चकवणाऱ्या गोलंदाजाची कीर्ती पुण्यातील हिंदू खेळाडूंच्या कानी गेली. युरोपियनांना हरवायचे तर बाळू यांच्यावाचून गत्यंतर नव्हते. म्हणून मतभेदांनंतर त्यांना संघात घेण्यात आले. मैदानावर सवर्ण खेळाडू त्याच चेंडूला स्पर्श करीत. चहापानाच्या वेळी मात्र बाळू यांना तंबूबाहेर मातीच्या भांड्यात चहा दिला जाई आणि जेवणासाठी त्यांचे पान वेगळे मांडले जाई. हा विरोधाभास समकालीनांच्या नजरेतून सुटला नाही. ज्याच्यासोबत खेळता येते त्याच्यासोबत खानपानही करावे, असे न्या. महादेव गोविंद रानडे यांनी एका सत्कारप्रसंगी सांगितल्याचा उल्लेख चरित्रविषयक लेखनात मिळतो.

प्लेगच्या साथीच्या काळात बाळू मुंबईस गेले. तेथे त्यांना रेल्वेत नोकरी मिळाली व ते परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याच्या संघातून खेळू लागले. मुंबईच्या व्यापारी वातावरणात स्पृश्यास्पृश्यतेचे नियम पुण्यापेक्षा लवकर सैल झाले. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदूंनी युरोपियन संघावर १०९ धावांनी विजय मिळवला. या सामन्यात बाळू यांच्यासोबत शिवरामही खेळले होते आणि बाळू यांची गोलंदाजी निर्णायक ठरली. वंगभंगविरोधी चळवळीच्या त्या काळात या विजयाला राजकीय अर्थ प्राप्त झाला. सुधारक मताच्या वृत्तपत्रांनी त्यात जातिभेद दूर सारण्याचे फळ पाहिले. पुढील वर्षी हिंदूंच्या प्रवेशाने तिरंगी सामने सुरू झाले. १९१२ मध्ये मुस्लिम संघाच्या समावेशाने ते चौरंगी झाले.

१९११ चा इंग्लंड दौरा

पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग यांच्या नेतृत्वाखाली १९११ मध्ये अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघाची एकंदर कामगिरी निराशाजनक होती. बाळू मात्र त्यास अपवाद ठरले. वयाच्या पस्तिसाव्या वर्षी त्यांनी या दौऱ्यात ११४ बळी घेतले. शिवरामही या संघात होते. दौऱ्यानंतर मुंबईत अस्पृश्य समाजातर्फे बाळू यांचा सत्कार झाला. त्या प्रसंगीचे मानपत्र तेव्हा महाविद्यालयीन विद्यार्थी असलेल्या भीमराव आंबेडकरांनी तयार केल्याचे सांगितले जाते. दलित समाजाच्या सार्वजनिक जीवनात बाळू यांना तोवर कोणते स्थान लाभले होते, याची कल्पना यावरून येते.

नेतृत्वाचा प्रश्न

बाळू हे हिंदू संघातील सर्वांत अनुभवी व यशस्वी खेळाडू होते. तरीही कर्णधारपदासाठी त्यांना वारंवार डावलण्यात आले. खुद्द कर्णधार एम. डी. पै यांनीही एका समारंभात, हा मान वस्तुतः बाळू यांचा होता, अशा आशयाचे उद्‌गार काढले होते. संघात स्थान देणे आणि संघाचे नेतृत्व सोपवणे यांतील अंतर येथे स्पष्ट होते. अस्पृश्य खेळाडूने बळी मिळवणे हिंदू संघाच्या हिताचे होते. त्याच्या आज्ञेने सवर्णांनी क्षेत्ररचना बदलणे ही गोष्ट मात्र जातीच्या उतरंडीलाच छेद देणारी होती.

१९२० मध्ये हा प्रश्न ऐरणीवर आला. बाळू यांना संघातून वगळण्यात आले आणि पै यांच्या अनुपस्थितीत विठ्ठल यांना बाजूस सारून दि. ब. देवधर यांच्याकडे नेतृत्व देण्यात आले. देवधर थोर फलंदाज होते, यात शंका नाही. परंतु विठ्ठल त्यांना ज्येष्ठ होते. शिवराम आणि विठ्ठल यांनी संघातून माघार घेतली व जातीमुळे अन्याय झाल्याची भूमिका जाहीरपणे मांडली. महात्मा गांधींचे असहकार आंदोलन सुरू असतानाच उचललेल्या या पावलाला लोकमताचा पाठिंबा लाभला. पुढील सामन्यात दोघे परतले. बाळू यांनाही पुन्हा संघात घेऊन उपकर्णधार करण्यात आले. अखेर १९२३ मध्ये विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली संघाने चौरंगी स्पर्धा जिंकली. ज्येष्ठ बंधूस तीन दशकांच्या कामगिरीने जे मिळाले नाही, ते धाकट्यास उघड विरोधानंतर मिळाले.

मैदानाबाहेर : १९३२ आणि १९३७

निवृत्तीनंतर बाळू राजकारणात आले. स्वतंत्र मतदारसंघाच्या प्रश्नावर ते एम. सी. राजा यांच्यासमवेत संयुक्त मतदारसंघाच्या बाजूने उभे राहिले. सप्टेंबर १९३२ मधील पुणे करारावर त्यांची स्वाक्षरी आहे. १९३७ च्या मुंबई प्रांतिक विधानसभेच्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे केले. आंबेडकरांना १३,२४५, तर बाळू यांना ११,२२५ मते मिळाली. ज्यांच्याविषयी तरुण आंबेडकरांना आदर होता, तेच त्यांचे प्रतिस्पर्धी ठरले.

बाळू यांच्या या भूमिकेस केवळ काँग्रेसनिष्ठा म्हणणे अपुरे आहे. सवर्ण समाजासोबत राहून क्रमाक्रमाने मान मिळवता येतो, हा त्यांचा स्वतःचा अनुभव होता : तंबूबाहेरच्या मातीच्या भांड्यापासून बंधूच्या कर्णधारपदापर्यंतची वाटचाल त्यांनी पाहिली होती. परंतु अशी वाट असामान्य कौशल्य असलेल्या मोजक्यांनाच खुली होते. कोट्यवधींच्या हक्कांचा आधार ती होऊ शकत नाही, हे आंबेडकरांच्या भूमिकेतील मर्म होते. एकाच अनुभवातून दोन भिन्न राजकीय निष्कर्ष कसे निघतात, याचे ही निवडणूक बोलके उदाहरण आहे. बाळू यांचे निधन १९५५ मध्ये मुंबई येथे झाले.

निष्कर्ष :

पालवणकर बंधूंच्या कारकिर्दीवरून असे दिसते की, क्रिकेटने जातिबंधने शिथिल केली, पण ती आपोआप नव्हे. विजयाची निकड होती तेथे गुणवत्तेला प्रवेश मिळाला. सहभोजनाचा हक्क त्यानंतर आला. आणि अधिकारपद सर्वांत शेवटी, तेही संघर्षानंतर आले. म्हणूनच एखाद्या संस्थेतील समतेचे मोजमाप तिने कोणाला आत घेतले यावरून करणे पुरेसे नाही. तिने नेतृत्व कोणाच्या हाती दिले, हेही पाहावे लागते. बाळू यांच्या ११४ बळींइतकाच १९२० मधील त्यांच्या बंधूंचा नकार भारतीय क्रिकेटच्या इतिहासात महत्त्वाचा ठरतो, तो याच कारणाने.