मानस, खारफुटी आणि गावकारी

हल्ली 'निसर्गाधारित उपाय' हा शब्द फार ऐकू येतो. आययूसीएनने २०२० साली त्यासाठी ८ निकषांचं जागतिक मानकही काढलं. ते वाचताना मला सारखी गोव्यातली खाजणं आठवत होती.

खाजण म्हणजे खाडीकाठची, भरतीच्या पातळीखालची जमीन. सहाव्या शतकाच्या सुमारास कोकणच्या मौर्यांपैकी अनिर्जितवर्म्याने बांदिवडे ताम्रपटात अशीच जमीन दान दिली, आणि घेणाऱ्याने समुद्राच्या बाजूला बांध घालावा अशी अपेक्षा त्यात आहे. म्हणजे जमीन फुकट, पण काम डोक्यावर!

बांध चिखलाचा, पेंढ्याचा, जांभ्या दगडाचा. बाहेरच्या अंगाला खारफुटी ठेवायची, लाटांचा जोर तीच मोडते. आणि बांधात मानस, म्हणजे लाकडी झडपेचं दार. भरतीचं पाणी ते ढकलून बंद करतं, ओहोटीला आतलं पाणी ते उघडतं. माणूस नाही, यंत्र नाही. पावसाने मीठ धुऊन गेलं की कोरगुट भात पेरायचं, ते थोडा खारेपणा सोसतं. दाराशी मासळी मिळते ती वेगळीच.

पण मला यात झडपेपेक्षा गावकारी महत्त्वाची वाटते. बांधाची डागडुजी आणि मानशीवरच्या मासेमारीचा लिलाव हे सगळं गावच्या संस्थेकडे असे. पोर्तुगीजांनीही १५२६ च्या फोरालमध्ये या गावकाऱ्यांच्या रूढी लिहून काढल्या, मोडल्या नाहीत (निदान लगेच तरी!).

१९६४ च्या कूळ कायद्यानंतर जमीन कुळांकडे गेली. ते न्याय्यच होतं, यात मला शंका नाही. पण बांधाची जबाबदारी कुळांच्या संघटनांवर आली आणि शेती परवडेना तशी ती ढिली पडली. काही ठिकाणी मासळीसाठी मानस मुद्दाम उघडी ठेवतात, आणि खारं पाणी थेट शेतात. बांध फुटला की आतही खारफुटी उगवते. आणि १९९१ च्या सीआरझेड नियमांपासून खारफुटीला संरक्षण असल्याने, पडीक शेत परत कसायचं तर ती काढताही येत नाही. बाहेर लावायची तीच झाडं आत आली की अडचण होतात!

नकाशावर मात्र दोन्हीकडे हिरवाच रंग दिसतो. म्हणून खाडीकाठी खारफुटी लावायला निघणाऱ्यांना मी आधी एकच विचारीन : इथला बांध दर वर्षी कोण बघतो?