शंभर चाकांची गाडी रस्त्यावर आली तर: ओळखायची कशी, फोटो काढायचा कुठून

पुढे लाल झेंडे लावलेली पायलट गाडी, मागे माणसाच्या चालीनं येणारा भलामोठा ट्रेलर आणि त्याच्या बाजूनं हातात वॉकीटॉकी घेऊन चालणारी पाच-सहा पोरं. असं काही फाट्यावर आलं की दहा मिनिटांत निम्मं गाव तिथं जमतं आणि प्रत्येकाचा मोबाईल वर होतो. फोटो शेकडो निघतात. पण दुसऱ्या दिवशी कोणी विचारलं की गाडी कसली होती, वजन किती होतं, आपल्या ओढ्यावरच्या पुलाला ते झेपणारं होतं का, तर एकाही फोटोतून उत्तर मिळत नाही. आणि हाच प्रश्न गावाच्या कामाचा असतो.

अशा मालाला वाहतूकवाले ‘ओडीसी’ म्हणतात. ठरलेल्या मापात न बसणारा माल, एवढाच त्याचा अर्थ. साध्या ट्रकची रुंदी 2.6 मीटरपेक्षा जास्त चालत नाही. जोडट्रेलरची लांबी 18.75 मीटरपर्यंत चालते आणि 2018 नंतर मालासकट वजन जास्तीत जास्त 55 टन. यापलीकडे गेलं की वेगळी परवानगी काढावी लागते. त्यात मार्ग, वजन, माप सगळं लिहिलेलं असतं.

पवनचक्कीचं पातं की ट्रान्सफॉर्मर?

आपल्याकडे सगळ्यात जास्त दिसतात ती पवनचक्कीची पाती. पाटण तालुक्यातलं वनकुसवडे, साक्रीतलं ब्राह्मणवेल, कवठेमहांकाळचं ढालगाव, पारनेरच्या सुप्याकडचे डोंगर, या भागातल्या लोकांना हे नवीन नाही. नवीन आहे ती लांबी. सुरुवातीच्या पवनचक्क्या लहान होत्या. आता सुझलॉनच्या एस 144 सारख्या मॉडेलमध्ये पंख्याचा व्यास 144 मीटर असतो, म्हणजे एक पातं जवळपास 70 मीटर. सहा एसटी गाड्या एकामागे एक उभ्या केल्या तर जेवढी रांग होईल तेवढं.

पण पातं लांबीच्या मानानं हलकं असतं, म्हणून त्या ट्रेलरला चाकं थोडीच दिसतात. पुढे ट्रॅक्टर-युनिट, मधे लांबच लांब मोकळी जागा आणि मागे काही एक्सल. मागची चाकं वेगळी वळवता येतात आणि ती वळवायला मागे वेगळा माणूस असतो. तो आणि पुढचा ड्रायव्हर यांचं जमलं नाही तर वळणावर गाडी अडकली म्हणून समजा. उसाची डबल ट्रॉली अरुंद वळणावर काढणाऱ्याला ही कसरत लगेच कळेल.

याउलट ट्रान्सफॉर्मर किंवा कारखान्याचं मोठं भांडं आलं तर लांबी कमी आणि चाकंच चाकं. हा हायड्रॉलिक एक्सलचा ट्रेलर. जर्मनीची गोल्डहोफर आणि शेउर्ले, फ्रान्सची निकोलस ही यातली जुनी नावं, ती बऱ्याचदा ट्रेलरच्या बाजूला लिहिलेली असतात. या ट्रेलरचे तुकडे असतात. माल जड असेल तर आणखी तुकडे जोडायचे. प्रत्येक चाकाच्या जोडीवर तेलाचा पिस्टन असतो. रस्ता एका बाजूला खचका असला तरी पिस्टन खालीवर होऊन भार सगळ्यांवर सारखा ठेवतात. वरून तार आडवी आली तर अख्खा ट्रेलर थोडा खालीही बसवता येतो.

ओढणाऱ्या गाडीला ‘पुलर’ म्हणतात. तिच्या पाठीवर लोखंडाची किंवा काँक्रीटची जड वजनं लादलेली दिसतात. लोकांना वाटतं तोच माल. तो माल नसतो. पुलर हलका राहिला तर चाकं जागेवर फिरतील, म्हणून ते वजन. चढ असेल तर पुढे दोन पुलर आणि मागून ढकलायला एक, अशी गाड्यांची माळ दिसते. फोटोसाठी ही सगळ्यात चांगली वेळ.

चाकं मोजा, वजनाचा अंदाज लावा

हायड्रॉलिक ट्रेलरच्या एका आडव्या ओळीत साधारण 8 टायर असतात. नियमानं अशा एका ओळीवर जास्तीत जास्त 18 टन भार चालतो, ट्रेलरचं स्वतःचं वजन त्यातच. म्हणजे बाजूनं उभं राहून ओळी मोजायच्या आणि 18 नं गुणायचं. 10 ओळी असतील तर 180 टनांपर्यंत. माल तेवढाच असेल असं नाही, पण नियमात राहून त्यापेक्षा जास्त असू शकत नाही.

दोन उदाहरणं घेऊ, दोन्ही बातम्यांत गाजलेली. जुलै 2019 मध्ये महाराष्ट्रातून एक गाडी निघाली आणि जुलै 2020 मध्ये तिरुवनंतपुरमला विक्रम साराभाई अंतराळ केंद्रात पोचली. एक वर्ष! मधे लॉकडाऊनही लागलं. तिच्यावर 70 टनांचं ऑटोक्लेव्ह होतं, म्हणजे रॉकेटचे हलके भाग दाबाखाली भाजायची भट्टी. गाडीची चाकं 74 सांगितली गेली. पुलरची 10 वजा केली तर 64 राहतात, म्हणजे 8 ओळी असा हिशेब बसतो. 8 ओळींची मर्यादा 144 टन. वजनाची अडचण नव्हती, अडचण उंचीची होती. भट्टी साडेसात मीटर उंच. रस्ता ओलांडणाऱ्या विजेच्या तारा नियमानं कमीत कमी 5.8 मीटरवर (साधी लाइन) किंवा 6.1 मीटरवर (11 आणि 33 केव्ही) असाव्या लागतात. म्हणजे वाटेतल्या अशा तारा बाजूला केल्याशिवाय पुढं जाणंच शक्य नव्हतं. वर्ष का लागलं ते यावरून कळतं.

दुसरं उदाहरण भोपाळ-नागपूर महामार्गावरचं. एप्रिल 2022 मध्ये मध्य प्रदेशात सुखतवा नदीवरचा इंग्रजांच्या काळातला पूल 138 चाकांच्या ट्रेलरखाली कोसळला. पुलरची 10 चाकं त्यात धरली असतील तर 128 उरतात, म्हणजे 16 ओळी. 16 गुणिले 18 म्हणजे 288 टनांपर्यंतची गाडी. आपल्या तालुक्यातल्या दगडी कमानीच्या पुलांवर आणि सिमेंटच्या पाइप टाकून केलेल्या मोऱ्यांवर असं काही येणार असेल, तर ते आधी कळलेलं बरं.

फोटो कुठून

पात्याच्या गाडीचा सगळ्यात मोठा धोका वळणावर. पुढची गाडी वळली की ट्रेलरचा मधला भाग आतल्या बाजूला घासत येतो आणि मागे बाहेर आलेलं टोक बाहेरच्या बाजूला झाडूसारखं फिरतं. दोन्ही बाजू वाईट. टोक शांतपणे येतं, आवाज पुढच्या इंजिनचा असतो, त्यामुळे पाठीमागून काय येतंय ते कळत नाही. वळणापासून लांब, सरळ रस्त्यावर, रस्त्याबाहेरच्या उंच बांधावर उभं राहायचं. बांध ज्याचा त्याला विचारून, आणि पीक तुडवायचं नाही.

तारेखाली उभं राहायचं नाही. माणसं बांबूनं तारा उचलताना दिसतात, ते बघायला गर्दी तिथंच होते. लाइन बंद केली आहे असं कोणी सांगितलं तरी लांबच राहावं. खांबावर, डीपीच्या ओट्यावर, जेसीबीच्या बकेटवर चढून फोटो काढणारे प्रत्येक गावात दोघं-तिघं असतात, त्यांना पोलीस पाटलांनी आधीच खाली उतरवलेलं चांगलं. ड्रोन तर तारांजवळ नकोच.

फोन आडवा धरा. अख्खी गाडी बसत नाही म्हणून लोक वाइड लेन्स लावतात आणि ट्रेलर केळ्यासारखा वाकडा येतो. त्यापेक्षा पन्नास पावलं मागे जा. सकाळी सूर्य पाठीशी ठेवून बाजूनं काढलेला फोटो चांगला येतो. कोणी माणूस किंवा मोटरसायकल फ्रेममध्ये राहू द्या, म्हणजे आकार कळतो. आणि एक व्हिडिओ फक्त चाकांचा घ्या. फोन एका जागी धरून अख्खा ट्रेलर समोरून जाऊ द्यायचा. ओळी घरी बसून सावकाश मोजता येतात, गर्दीत मोजायला गेलं की हमखास चुकतं.

नंबर दोन असतात, एक पुलरचा आणि एक ट्रेलरचा. दोन्ही घ्या. गाडी थांबली असेल तर ड्रायव्हरला विचारून जवळ जा. ही माणसं आठवडेच्या आठवडे रस्त्यावर असतात, चहा दिला तर आनंदानं माहिती सांगतात.

लष्कराचा ताफा किंवा ट्रेलरवर रणगाडा दिसला तर मात्र मोबाईल खिशात ठेवा. त्याचे फोटो काढायचे नाहीत, आलेले पुढं पाठवायचेही नाहीत.

गावाच्या कामाचा फोटो

पवनचक्की किंवा सबस्टेशनचं काम गावात येणार असं कळलं की पहिली गाडी येण्याआधी रस्त्याचे फोटो काढून ठेवा. पूल, मोऱ्यांची तोंडं, रस्त्याच्या कडा, वळणावरची झाडं, घरांचे ओटे, पाण्याच्या पाइपलाइन जिथं रस्ता ओलांडतात ती जागा. मोरी फुटली की कंपनीचा माणूस म्हणतो ती आधीपासूनच फुटकी होती. आधीचा फोटो नसेल तर नंतरच्या फोटोला कोणी विचारत नाही.

फोनच्या कॅमेऱ्यात लोकेशन चालू ठेवा, म्हणजे जागा आणि वेळ फोटोसोबत राहते. मूळ फोटो पुसू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला की तो लहान होतो आणि ही माहिती निघून जाते, म्हणून ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. ग्रामसेवकाकडे एक प्रत द्या आणि अर्जाची पोच घ्या.

जास्त वजन भरलं तर मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीनंतर 20 हजार रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला 2 हजार आहे. माल मापाबाहेर काढला तरी 20 हजार. पण परवानगी असलेली गाडी यात येत नाही, म्हणून गाडी दिसली की लगेच अडवायची घाई करू नये. रस्ता अडवला की गुन्हा गावकऱ्यांवरच दाखल होतो. परवानगीची प्रत मागायची, त्यात आपल्या गावचा रस्ता आहे का ते बघायचं आणि नसेल तर आरटीओ व सार्वजनिक बांधकाम विभागाच्या उपअभियंत्याला फोटोसह लेखी द्यायचं.

राष्ट्रीय महामार्गावर काही अडलं तर 1033, तार तुटली किंवा खांब वाकला तर महावितरणला 1912, आणि अपघात झाला तर 112.