एका मुळाचे अनेक खण

मराठीत औषधाला षष्ठी लागते. पोटाचे औषध, खोकल्याचे औषध, डोळ्यांचे औषध. त्याच षष्ठीने ढेकणांचे औषध होते आणि उंदरांचे औषधही होते, आणि तिथे कुणी उंदराला बरे करायला निघालेले नसते. ऐकणाऱ्याचा घोटाळा मात्र कधी होत नाही. औषध कुणाच्या नावे आहे एवढेच ही विभक्ती सांगते. ते तिथे जाऊन काय करते हे ज्याचे त्याने समजून घ्यायचे. औषधांच्या वर्गवारीचा सगळा इतिहास मला याच दोन प्रश्नांत अडकलेला दिसतो: औषध कशासाठी द्यायचे, आणि ते करते काय.

मी बरीच वर्षे औषधनिर्माणशास्त्राच्या विद्यार्थ्यांना शिकवले, त्यातली बहुतेक कोलकात्यात, इंग्रजीत आणि मोडक्या बंगालीत. वर्गवारीचा धडा मुलांना रुक्ष वाटतो. याद्या पाठ करायच्या आणि परीक्षेनंतर विसरायच्या. मला त्यात रस वाटू लागला तो चरकसंहितेमुळे, आणि तेही वैद्यकापेक्षा व्याकरणाच्या अंगाने.

सूत्रस्थानाच्या चौथ्या अध्यायात पन्नास महाकषाय सांगितले आहेत. प्रत्येकात दहा द्रव्ये. या पन्नास गटांची नावे वनस्पतींवरून पडलेली नाहीत, कामावरून पडली आहेत, आणि कामातला बारीक फरक प्रत्ययांनी आणि उत्तरपदांनी दाखवला आहे. कृमिघ्न, विषघ्न, कुष्ठघ्न: यांतला 'घ्न' मारणारा. कासहर, श्वासहर, ज्वरहर: हे नुसते हरण करतात, घेऊन जातात. दाहप्रशमन आणि शूलप्रशमन शांत करतात. ओकारी आणि उचकी यांच्यासाठी 'निग्रहण', म्हणजे आवरून धरणे. दुधासाठी 'स्तन्यजनन' वेगळे आणि 'स्तन्यशोधन' वेगळे. आधीचे दूध आणते, नंतरचे आहे ते शुद्ध करते. आणि 'संज्ञास्थापन', म्हणजे हरपलेली शुद्ध जागेवर आणून बसवणारे. आजची औषधशास्त्राची पुस्तके बहुतेक सगळीकडे 'अँटी' हा एकच उपसर्ग लावून मोकळी होतात. कृमी मारायचे, ताप उतरवायचा, उलटी थांबवायची, सगळे 'विरोधी'. चरकाची भाषा इथे अधिक नेमकी आहे, असे माझे मत आहे.

पण त्या अध्यायातली खरी गंमत शेवटाकडे आहे. अग्निवेश गुरूंना अडवतो. पन्नास गटांत दहा-दहा द्रव्ये म्हणजे पाचशे झाली पाहिजेत; पण तीच तीच द्रव्ये निरनिराळ्या गटांत पुन्हा येतात, मग पाचशे भरतात कुठे? शंका हिशेबनिसाची आहे आणि अगदी रास्त आहे. आत्रेयांचे उत्तर थोडक्यात असे: एकच माणूस अनेक कामे करू शकतो आणि जे काम करील त्याप्रमाणे त्याला नाव मिळते, द्रव्याचेही तसेच. हे उत्तर देऊन आत्रेयांनी एक किंमत मोजली. वर्ग कामावरून पाडायचे ठरले की एक वस्तू एकाच खणात राहील ही आशा सोडावी लागते.

सुश्रुताने दुसरी वाट धरली. त्याचे सदतीस गण बहुतेक गटातल्या पहिल्या वनस्पतीच्या नावाने ओळखले जातात: आरग्वधादी, म्हणजे बहावा आणि मंडळी. एकत्र कुटुंब कर्त्याच्या नावाने ओळखावे तसे. कोणता गण कशावर चालतो ते तो पुढे सांगतो, पण दारावर पाटी झाडाची.

भूमध्य समुद्राकाठीही हाच पेच होता. इसवी सनाच्या पहिल्या शतकात डायस्कोरिडीसने पाच भागांचा औषधिग्रंथ ग्रीकमध्ये लिहिला आणि प्रस्तावनेतच अक्षरवार मांडणी करणाऱ्यांना दोष दिला. अक्षरांनी लावले की गुणांनी जवळची असलेली औषधे एकमेकांपासून तुटतात, हा त्याचा आक्षेप. पुढे नकलाकारांनी त्याचाच ग्रंथ अक्षरवार लावला. व्हिएन्नात जपलेली, इ.स. ५१२ च्या सुमाराची ती देखणी सचित्र पोथी अक्षरक्रमाचीच आहे. त्या नकलाकारांना मी फार दोष देत नाही. गुणांनी लावलेले पुस्तक ज्याला गुण आधीच ठाऊक आहेत त्याच्या कामाचे. बाकीच्यांना नाव शोधायचे असते. १५६३ साली गोव्यात छापलेला गार्सिया द ओर्ताचा पोर्तुगीज संवादग्रंथही साधारण अक्षरक्रमानेच चालतो.

याच ओर्ताच्या पुस्तकात सर्पदंशावर चालणाऱ्या 'सापाच्या लाकडा'चा संवाद आहे. त्यात वर्णिलेल्या वनस्पतींपैकी एक सर्पगंधा असावी, असे बरेच अभ्यासक मानतात. सर्पगंधा हे नाव आपल्या जुन्या वैद्यकात विषाच्या संदर्भात येते. ते याच झुडपाचे होते का, यावर मतभेद आहेत. शास्त्रीय नावात तर आणखी मौज. राउवोल्फिया हे नाव फ्रेंच संन्यासी प्लुमिए याने १७०३ साली दिले ते ऑग्सबर्गच्या लेओनहार्ट राउवोल्फ या वैद्याच्या सन्मानार्थ. तो शंभरेक वर्षांपूर्वी, १५९६ सालीच वारला होता, आणि प्लुमिएसमोर होती ती अमेरिकेतली झाडे. मागून त्या कुळात आपले झुडूप गेले आणि 'सर्पेंटिना' हे विशेषण लावून साप पुन्हा आत आला.

बिहार आणि उत्तर प्रदेशाच्या बाजारांत मात्र या मुळाला ना साप ठाऊक होता ना ऑग्सबर्ग. तिथे ते 'पागल की दवा' म्हणून विकले जाई. षष्ठीच आहे, फक्त हिंदीतली.

१९३१ साली या मुळाचे दोन अभ्यास प्रसिद्ध झाले आणि दोघांची दृष्टी अगदी वेगळी होती. कोलकात्यात कविराज गणनाथ सेन आणि डॉ. कार्तिकचंद्र बोस यांनी एका वैद्यकीय मासिकात त्यावर लेख लिहिला. सेन आयुर्वेद आणि पाश्चात्त्य वैद्यक दोन्ही शिकलेले. लेखाच्या शीर्षकातच दोन उपयोग शेजारी शेजारी होते: वेड आणि वाढलेला रक्तदाब. दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमान सिद्दीकी आणि रफत हुसैन सिद्दीकी हे रसायनज्ञ त्याच मुळातून अल्कलॉइडे वेगळी करत होते. त्यांना पाच मिळाली. त्यांचे त्यांनी दोन गट केले ते रंगावरून: पांढरी तीन, पिवळी दोन. पांढऱ्या गटाला नाव दिले अजमलीन, हकीम अजमल खान यांच्यावरून. रसायनज्ञाने स्फटिकांचा रंग पाहावा यात गैर काही नाही. त्याच्या कामाचा खण तोच. पण ज्या गुणामुळे बाजारात या मुळाला गिऱ्हाईक होते तो गुण त्या पाचांत नव्हता. अल्कलॉइडे काढून घेतल्यावर जो राळेसारखा चिकट भाग उरे, त्यानेच जनावरे गुंगतात हे कोलकात्यातल्या रामनाथ चोप्रा यांच्या पिढीच्या संशोधकांना हळूहळू दिसू लागले. त्याच भागातून १९५२ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या सीबा कंपनीत म्युलर, श्लिटलर आणि बाइन यांनी रेसर्पिन वेगळे केले.

दरम्यान मुंबईत डॉ. रुस्तम जाल वकील हे हृदयरोगतज्ज्ञ हेच मूळ रक्तदाबाच्या रोग्यांना देत होते. १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये त्यांचा पन्नास रोग्यांवरचा लेख आला आणि युरोप-अमेरिकेने कान टवकारले. १९५४ साली न्यूयॉर्कजवळच्या मनोरुग्णालयातून नेथन क्लाइन यांनी रेसर्पिनचा मनोरुग्णांवरचा अनुभव प्रसिद्ध केला. १९५७ चा लास्कर पुरस्कार वकील आणि क्लाइन या दोघांनाही मिळाला, इतर काही जणांबरोबर. एकाच मुळासाठी, एकाला रक्तदाबाबद्दल आणि दुसऱ्याला मनाबद्दल. सेन-बोसांच्या एका शीर्षकात जे जोडीने होते ते आता दोन विद्याशाखांत वाटले गेले.

आणि एक नवा खणही तयार झाला. रेसर्पिन दिलेली जनावरे झोपत नाहीत, हाक मारली की जागी असतात, पण त्यांची चडफड निवलेली असते. ही झोपेची गुंगी नव्हे हे सांगायला सीबातल्या योंकमन यांनी १९५३ साली 'ट्रँक्विलायझिंग' हा शब्द वापरला. पुढच्या काही वर्षांत तो शब्द वर्तमानपत्रांत गेला, विनोदी चित्रांत गेला, घराघरांत गेला. आपल्याकडे 'प्रशमन' हजारो वर्षे पडून होते. ते कुणाला आठवण्याचे कारण नव्हते.

१९५५ साली अमेरिकेत ब्रोडी, शोर आणि प्लेचर यांनी दाखवले की रेसर्पिन शरीरातले सेरोटोनिनचे साठे रिकामे करते. १९५७ साली स्वीडनमध्ये आर्विद कार्लसन यांनी रेसर्पिन देऊन निश्चल केलेल्या सशांना एल-डोपा टोचले आणि ससे हलू-फिरू लागले. डोपामिनचे महत्त्व त्यातून कळले, पार्किन्सनच्या आजारावरचा उपाय त्यातून निघाला, आणि २००० साली कार्लसन यांना नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला. मन आणि रक्तवाहिन्या हे दोन खण खाली एकाच भुयाराला जाऊन मिळतात, हे मुळानेच दाखवून दिले होते.

आता घरची एक गोष्ट. माझी थोरली मावशी सत्तरच्या दशकात नागपुरात रक्तदाबासाठी एक गोळी घेई. त्या गोळीत इतर दोन औषधांबरोबर रेसर्पिन होते, हे मला पुष्कळ पुढे, तिच्या जुन्या चिठ्ठ्या चाळताना कळले. त्या दोन-तीन वर्षांत मावशी गप्प झाली. हळदीकुंकवाला जाईना, पेटी वाजवीत असे ती उघडीना, सकाळी उठून नुसती पलंगाच्या कडेला बसून राही. घरच्यांनी त्याला वयाचे कारण लावले. डॉक्टरांनी चिठ्ठीत एक टॉनिक वाढवले. रेसर्पिन मोठ्या प्रमाणात दीर्घकाळ दिल्यास काहींना खिन्नता येते, हे १९५४ पासून छापून येत होते. पण ती तर बीपीची गोळी होती, आणि बीपी छान होते. मावशीला जे झाले ते गोळीनेच झाले असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. रेसर्पिनने खिन्नता येते या समजुतीचा आधार वाटतो तितका भक्कम नाही, असे जुने अभ्यास पुन्हा तपासणाऱ्यांनी अलीकडे दाखवले आहे. मला बोचते ते इतकेच, की कुणी तिला 'मावशी, मन कसे आहे?' असे विचारून त्याचा त्या गोळीशी संबंध लावून पाहिला नाही. ज्या मुळाला गावोगाव वेडाचे औषध म्हणत होते, त्याचा अर्क पोटात घेणाऱ्या बाईच्या मनाचा प्रश्न चिठ्ठीवर कुठेच बसत नव्हता.

आज जगभर औषधांची जी अधिकृत वर्गवारी चालते तिला एटीसी म्हणतात. नॉर्वेत ती आकाराला आली, जागतिक आरोग्य संघटनेने ती उचलली, आणि १९८२ पासून ऑस्लोतले केंद्र ती सांभाळते. आधी अवयवसंस्था, मग उपचार, मग क्रिया, शेवटी रसायन, अशा पाच पायऱ्यांची सात अक्षर-आकड्यांची खूण प्रत्येक औषधाला मिळते. सुश्रुत, चरक आणि सिद्दीकी यांना एका ओळीत उभे करण्याचाच हा प्रयत्न म्हणायचा. अग्निवेशाची शंका मात्र तिथेही सुटलेली नाही. ॲस्पिरिनला तीन खुणा आहेत: तोंडातल्या स्थानिक उपचारासाठी एक, रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून एक, दुखणे-तापासाठी एक. आत्रेयांनी मान डोलावली असती.

सर्पगंधेला आणखी एक वर्ग लाभला आहे. मूळ हवे तर अख्खे झुडूप उपटावे लागते. जंगले इतकी उपसली गेली की १९९० पासून धोक्यातल्या वनस्पतींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात तिचे नाव आहे.

रेसर्पिनची खूण आहे सी०२एए०२, रक्तदाब उतरवणाऱ्यांत. मनावरच्या औषधांचा 'एन' विभाग त्याच्या वाट्याला आला नाही. सिद्दीकींचे पांढरे अजमलीन त्याच मुळातले असून दुसरीकडे बसते: सी०१बीए०५, हृदयाचे ठोके ताळ्यावर आणणाऱ्यांत. त्याचा आज एक मोठा उपयोग असा आहे. ब्रुगाडा नावाच्या हृदयविकारात कधी कधी आलेखात काही दिसत नाही. अशा वेळी रुग्णाला देखरेखीखाली अजमलीन टोचतात. विकार असेल तर त्याची खूण काही मिनिटांत आलेखावर उमटते. दडलेला दोष बाहेर काढण्यासाठी दिलेले औषध. चरकाच्या पन्नास नावांत मी याला बसेल असे एक नाव शोधले; मिळाले नाही. ऑस्लोच्या यादीतही त्याच्या खुणेवरून हा उपयोग कळत नाही.